यंत्राला अनुदान मिळाले, कारखान्याचे काय?

२००८ सालच्या ऑगस्टमध्ये तारापूर आणि उंबरगाव इथल्या काही कापड कारखान्यांत एक वेगळाच पाहुणा येऊन बसू लागला. तो सरकारी इन्स्पेक्टर नव्हता, बँकेचा अधिकारी नव्हता आणि यंत्रे विकायलाही आलेला नव्हता. तो एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीचा माणूस होता आणि मालकाकडून एक पैसाही घेत नव्हता. त्याचा खर्च निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे अर्थशास्त्रज्ञांच्या एका संशोधन प्रकल्पातून भागत होता. या अर्थशास्त्रज्ञांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते: भारतातला कारखानदार मागे पडतो तो भांडवल नाही म्हणून, की कारखाना चालवायची रीत ठाऊक नाही म्हणून?

त्यांनी आत जाऊन जे पाहिले ते आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत वावरलेल्या कुणालाही नवे वाटणार नाही. गोदामात सरासरी चार महिन्यांचे सूत पडून होते. त्यातले कुठले कोणत्या लॉटचे, कोणत्या रंगाचे, याची नोंद नव्हती. हत्यारे जमिनीवर विखुरलेली होती. माग बंद पडला तर तो का बंद पडला हे कुणी लिहून ठेवत नव्हते. मिस्त्री येई, दुरुस्त करी, निघून जाई. विणलेल्या कापडातले दोष शोधण्यात आणि ते सांधण्यात कामगारांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा गुंतलेला होता. म्हणजे पाच माणसांतली चार जण चुका करायला आणि एक जण त्या निस्तरायला, असा मामला.

सल्लागारांनी अडतीस साध्या गोष्टींची यादी केली. बिघाडाची रोज नोंद, ठरावीक वेळी देखभाल, सुताच्या साठ्याची चिठ्ठी, दोषांचे वर्गीकरण, सकाळी दहा मिनिटे उभ्याउभ्या बैठक, असे तिचे स्वरूप होते. काही कारखान्यांत एक महिना पाहणी आणि पुढचे चार महिने अंमलबजावणी झाली. तुलनेसाठी निवडलेल्या उरलेल्या कारखान्यांत फक्त पाहणी झाली. जिथे अंमलबजावणी झाली तिथे पहिल्या वर्षातच उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. नफ्यातली वाढ, संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे, दर कारखान्यामागे वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा ते दीड कोटी रुपये. आणि एवढे सगळे झाले ते जुन्याच मागांवर.

याच अभ्यासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. संशोधकांनी सुरुवातीला ६६ कंपन्यांशी संपर्क साधला होता. त्यांतल्या ३४ जणांनी उत्सुकता दाखवली आणि शेवटी आपला वेळ द्यायला तयार झाल्या त्या १७. बाजारभावाने ज्या सल्ल्याचे दर कारखान्यामागे अडीच लाख डॉलर झाले असते, तो फुकट मिळत असताना चारांतल्या तिघांनी नको म्हटले. उद्या सरकारने जाहीर केले की नव्या मागाच्या किमतीतले पंधरा टक्के आम्ही देऊ, तर याच वसाहतीतून किती अर्ज येतील याची कल्पना करून पाहा.

लघुउद्योग स्पर्धेत टिकावेत म्हणून सरकार अनुदान देते. त्यातला फार मोठा भाग यंत्राच्या किमतीवर जातो. कारखान्याची चाल सुधारावी म्हणून दिले जाणारे अनुदान त्या मानाने चिमूटभर असते आणि तेही घ्यायला माणसे पुढे येत नाहीत. असे का होते, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

कुंपणापासून अनुदानापर्यंत

आधी आकाराची कल्पना यावी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ सालच्या ७३ व्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग ६ कोटी ३३ लाख होते आणि त्यांत ११ कोटींहून अधिक माणसे काम करत होती. महाराष्ट्राचा वाटा पावणेअठ्ठेचाळीस लाखांचा. पण या ६ कोटी ३३ लाखांपैकी सुमारे ६ कोटी ३० लाख सूक्ष्म होते. 'लघु' म्हणावेत असे तीन लाख आणि मध्यम फक्त पाच हजारांच्या आसपास. म्हणजे 'एमएसएमई' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, तेव्हा त्यात वडापावची गाडीही असते आणि चाकणच्या मोठ्या कंपनीला गिअर पुरवणारा कारखानाही असतो. दोघांना एकच औषध देणे हा आपल्या धोरणाचा जुना रोग आहे.

पहिली तीसेक वर्षे सरकारने या उद्योगांना अनुदानापेक्षा कुंपण दिले. १९६७ साली ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवाव्यात असे ठरले. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ही यादी १८० वरून ५०४ वर आणि लगेच पुढच्या वर्षी ८०७ वर गेली. मोठ्यांनी आत यायचे नाही, हा या धोरणाचा गाभा. हेतू चांगलाच होता. पण लघुउद्योग कोणता, हे यंत्रांवरच्या गुंतवणुकीने ठरत असे. त्यामुळे धंदा चांगला चालला, नवे यंत्र घेतले, की माणूस कुंपणाबाहेर फेकला जाई. मग शहाणा मालक वाढण्याऐवजी भावाच्या नावावर दुसरा गाळा घेई आणि बायकोच्या नावावर तिसरा. कुंपणाच्या आत राहायचे तर खुजे राहणे भाग होते. आबिद हुसेन समितीने १९९७ मध्ये ही राखीव यादी रद्द करावी अशी शिफारस केली. तरी शेवटच्या वीस वस्तू यादीतून निघायला एप्रिल २०१५ उजाडला. लोणची, पाव, मेणबत्त्या, काचेच्या बांगड्या, उदबत्त्या, वह्या आणि फटाके या त्यांतल्या काही वस्तू. दिवाळीच्या बाजारातला बराचसा माल त्या कुंपणात सर्वांत शेवटपर्यंत होता.

कुंपण काढायचे ठरल्यावर, आता उघड्यावर उभे राहायला बळ द्या, हे ओघाने आले. त्यातून यंत्र-अनुदानाच्या दोन मोठ्या योजना जन्मल्या. पहिली वस्त्रोद्योगासाठीची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना, म्हणजे 'टफ'. ती १ एप्रिल १९९९ ला सुरू झाली. जागतिक कापड व्यापारातले कोटे १ जानेवारी २००५ ला संपणार हे माहीत होते. त्याआधी गिरण्या आणि यंत्रमाग आधुनिक करायचे होते. दुसरी ऑक्टोबर २००० ची कर्जाशी जोडलेली भांडवली अनुदान योजना. तिच्यात आधी बारा टक्के अनुदान होते. सप्टेंबर २००५ मध्ये ते पंधरा टक्के झाले आणि मर्यादा एक कोटी रुपयांच्या यंत्रांपर्यंत गेली, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा लाख. ही योजना मार्च २०२० पर्यंत चालली. महाराष्ट्राची स्वतःची सामूहिक प्रोत्साहन योजना तर १९६४ पासूनची. पण तिचा रोख उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर नेण्यावर होता. तिथे प्रश्न कारखाना कुठे उभा राहतो हा असतो, तो कसा चालतो हा नसतो.

पंधरा लाखांचे खरे मोल

यंत्र-अनुदानाचा कागद वाचायला सोपा असतो. त्याचा प्रवास मात्र ज्याने केला त्यालाच ठाऊक.

समजा एक कोटीचे यंत्र घ्यायचे आहे. पंचवीस लाख मालकाचे, पंचाहत्तर लाख बँकेचे. यंत्र आधी घ्यायचे, बसवायचे, चालवायचे. मग बँक अर्ज वर पाठवणार, मग मंजुरी, मग रक्कम. भांडवली अनुदानाच्या योजनेत ही रक्कमही हातात पडत नसे. ती तीन वर्षे बँकेत मुदतठेवीसारखी ठेवली जाई आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नसे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातही अनुदान असेच तीन वर्षे बँकेत अडकलेले असते. त्यामागचा विचार कळतो, की अनुदान उचलून पसार होणारे नकोत. पण पैसे यायला दोन वर्षे लागली असे धरले, तर अकरा टक्क्यांच्या साध्या व्याजाने पंधरा लाखांवर ३ लाख ३० हजार आधीच गेले. कागदपत्रे करून देणाऱ्याची फी आणि मालकाचे हेलपाटे धरले तर पंधरा लाखांचे दहा-अकरा लाखच उरतात. तेही ज्याच्याकडे पहिले पंचवीस लाख होते त्याला. ज्याला मदतीची खरी गरज होती तो पहिल्या पायरीवरच गळाला.

'टफ'मध्ये तर याहून मोठा अनुभव आला. निधी संपल्यामुळे २९ जून २०१० ते २७ एप्रिल २०११ या काळात योजनाच बंद राहिली. वस्त्रोद्योगात तो काळ 'ब्लॅकआउट' याच नावाने ओळखला जातो. अनुदान येणार हे हिशेबात धरून ज्यांनी त्या दहा महिन्यांत माग बुक केले, त्यांचे गणित कोलमडले. जानेवारी २०१६ मध्ये योजनेची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा सात वर्षांसाठी १७,८२२ कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले १२,६७१ कोटी जुन्या देण्यांसाठी होते. नव्या प्रकरणांना उरले ५,१५१ कोटी. नव्या योजनेच्या प्रत्येक दहा रुपयांतले सात रुपये मागची उधारी फेडण्यात जाणार होते. हे आकडे सरकारचेच आहेत आणि ते पुरेसे बोलके आहेत.

मग ही योजना वायाच गेली का? नाही. इचलकरंजीकडे पाहावे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानाधिपती नारायणराव घोरपड्यांनी या धंद्याला आश्रय दिला आणि त्यातून एक अख्खे शहर उभे राहिले. त्या शहराचा साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या मारतो. रेपियर त्याच्या तिप्पट आणि एअरजेट त्याहून कितीतरी पुढे. हे अंतर मालकाच्या हुशारीने भरून निघत नाही. नवा माग हवाच आणि तो साध्या यंत्रमागधारकाच्या आवाक्यात नसतो. निर्यातीचे रुंद पन्ह्याचे, बिनदोषाचे कापड जुन्या मागावर निघत नाही. अनुदान आणि स्वस्त कर्ज नसते, तर शटललेस मागांचे शेड इतक्या संख्येने उभे राहिले नसते, हे मान्य करायला हवे. साध्या यंत्रमागालाच जागच्या जागी काही जोडण्या बसवून सुधारायचे, निम्मा खर्च सरकारने द्यायचा, अशी एक लहान योजनाही २०१३ नंतर आली. आठ मागांपर्यंतच्या छोट्या मालकासाठी ती होती. मोठ्या योजनांपेक्षा मला तीच जास्त समजूतदार वाटते.

माझा आक्षेप वेगळा आहे. अनुदान यंत्रावर असले की निर्णयही यंत्राभोवती फिरू लागतो. मालक विचारतो, यादीत कोणते यंत्र बसते? 'माझा माल कुठे अडतो' हा प्रश्न मागे राहतो. विक्रेत्यालाही माहीत असते की पंधरा टक्के सरकार देणार आहे. मग दर ठरवताना तो हात आखडत नाही. शेवटी यंत्र येते. पण साठा तसाच, दोष तसेच, आणि महिन्याकाठी हप्ता मात्र नवा.

एक छोटे गणित मांडून पाहू. एखाद्या वर्कशॉपमध्ये चाळीस लाखांचे व्हीएमसी आहे. पंधरा टक्क्यांनी अनुदान सहा लाख, एकदाच. मशीन दोन शिफ्ट चालते, दिवसात चार वेळा जॉब बदलतो आणि प्रत्येक सेटिंगला पाऊण तास जातो. म्हणजे रोज तीन तास मशीन नुसते उभे. टूल आधी लावून ठेवले, फिक्सचर ठरवून टाकले, मोजमापाची साधने शेजारी आणली, तर पाऊण तासाचे पंधरा मिनिटांवर येणे अशक्य नाही. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी याच कामाचे शास्त्र केले. रोज दोन तास वाचले, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर सहाशे तास. तासाला पाचशे रुपये दर धरला तर वर्षाला तीन लाख. दोन वर्षांत अनुदानाइतके पैसे, आणि तिसऱ्या वर्षीही पुन्हा तीन लाख. अट एवढीच की त्या वाचलेल्या तासांना काम मिळाले पाहिजे. ही अट मोठी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

ब्रिटनचा अनुभवही याच वळणाचा आहे. मागास भागांतल्या कारखान्यांना गुंतवणुकीवर अनुदान द्यायची तिथे जुनी पद्धत. क्रिस्क्युओलो, मार्टिन, ओव्हरमन आणि व्हॅन रीनेन या चौघांनी २०१९ मध्ये तिचा हिशेब मांडला. अनुदानाची कमाल मर्यादा दहा टक्क्यांच्या पायरीने वाढली की त्या भागात कारखानदारीतला रोजगार सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. पण ही वाढ फक्त लहान कंपन्यांत झाली. मोठ्यांनी अनुदान घेतले आणि आधी जे करणार होत्या तेच केले. लहानांना अनुदान द्यावे, मोठ्यांना कशाला, याला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे: गुंतवणूक वाढली, माणसे वाढली, उत्पादकता वाढली नाही. अनुदानाने कारखाना मोठा झाला, चांगला झाला नाही. रोजगार हाच हेतू असेल तर हे यशच आहे. पण कागदावर 'स्पर्धाक्षमता' लिहिलेली असेल, तर ते दुसऱ्याच परीक्षेतले गुण झाले.

शहाणपणाला अनुदान

आपल्या सरकारला हे समजत नाही असे मुळीच नाही. २००९ पासून 'लीन मॅन्युफॅक्चरिंग'ची योजना आहे. शेजारपाजारच्या दहाएक कारखान्यांनी गट करायचा, सल्लागार नेमायचा, त्याच्या फीचे ऐंशी टक्के सरकार देणार. १० मार्च २०२३ ला तिची नवी आवृत्ती आली. आता सरकारचा वाटा नव्वद टक्के आहे आणि बेसिक, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत. गुणवत्तेसाठी 'झेड' प्रमाणपत्र आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर त्याच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ऐंशी टक्के, लघुउद्योगाला साठ आणि मध्यमाला पन्नास टक्के सूट मिळते. तारापूरच्या प्रयोगात जे झाले त्याचाच हा सरकारी अवतार म्हणता येईल.

आणि तरीही यंत्राच्या सबसिडीसाठी जी धावपळ दिसते तिचा शतांशही इथे दिसत नाही. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. यंत्र दिसते. त्याला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, दसऱ्याला पूजा करता येते. सल्ल्याची पूजा कशी करणार? बँकही यंत्र तारण घेते. सुधारलेली सेटिंग कुणी तारण ठेवून घेत नाही.

दुसरे कारण जरा नाजूक आहे. यंत्र घ्या म्हटले तर मालकाचा मान वाढतो. तुमचा कारखाना कसा चालवायचा ते शिकवतो म्हटले तर तो दुखावतो. वीस वर्षे ज्याने मुलाची फी, घराचा हप्ता आणि कामगारांचा बोनस याच गाळ्यातून काढला, त्याला पंचविशीतला सल्लागार लाल रंगाची चिठ्ठी कुठे लावायची हे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल हे कळण्यासारखे आहे. तारापूरच्या मालकांनाही आपला माल चांगलाच आहे असे वाटत होते, कारण ते शेजाऱ्याच्या मालाशी तुलना करत होते आणि शेजाऱ्याची अवस्था तीच होती. शिवाय चोपडी उघडी करायची धास्ती असते. परक्या माणसाने साठ्याच्या नोंदी पाहिल्या तर उद्या त्या कुठे जातील, ही शंका आपल्याकडे कुणी सहजासहजी सोडत नाही.

तिसरा दोष योजनेचा आहे. सल्ल्याचा परिणाम मोजणे अवघड म्हणून प्रमाणपत्र मोजले जाते. 'झेड'ची ब्राँझ प्रमाणपत्रे लाखांच्या घरात गेली, सिल्व्हर आणि गोल्ड त्या मानाने फारच थोडी. पहिली पायरी जवळजवळ फुकट चढता येते म्हणून सगळे तिथे उभे. वरच्या पायरीला खरोखर घाम गाळावा लागतो म्हणून ती रिकामी. भिंतीवर चौकट लागली की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

तरीही लहान कारखान्याला सल्ल्याचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातून आला आहे. तो महत्त्वाचा अशासाठी, की तारापूरचे कारखाने शंभर ते हजार कामगारांचे होते. त्यांना 'लघु' म्हणणे जरा जिवावर येते. पुएब्लात ४३२ लहान-मध्यम उद्योगांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १५० निवडले गेले. त्यांना वर्षभर, आठवड्यातून चार तास, स्थानिक सल्लागार मिळाला. फीचा मोठा भाग सरकारने भरला, थोडा मालकाने. पाच वर्षांनंतर या उद्योगांतला रोजगार, न निवडलेल्यांच्या तुलनेत, सत्तावन्न टक्क्यांनी जास्त होता. ब्रुन, कार्लन आणि शोअर यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच लाख डॉलरचा सल्लागार तिथे लागला नव्हता. गावातला, भाषा कळणारा, वर्षभर येत राहणारा माणूस पुरला. आपल्या योजनांत सल्लागार बदलत राहतो आणि त्याचे बिल अहवालावर निघते. त्याच्यापुढे अहवाल लिहिणे किंवा कारखान्यात बसणे असा पर्याय असेल तर तो काय निवडेल?

कार्पीचे विणकर

सल्ला नको, पैसा नको, मग तिसरा मार्ग आहे का? इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताने तो १९७० च्या दशकात काढला. कार्पी हे तिथले लोकरी आणि होजिअरी कपड्यांचे गाव. पाच-दहा माणसांचे शेकडो कारखाने. प्रांताच्या विकाससंस्थेने त्यांना रोख अनुदान वाटण्याऐवजी १९८० मध्ये 'चितेर' नावाचे माहिती केंद्र उभारायला मदत केली. पुढच्या मोसमात कोणते रंग, कोणती वीण चालेल याची माहिती तिथे मिळे. डिझाइनचे सॉफ्टवेअर तिथे तयार झाले. कुणा एका छोट्याला हे परवडले नसते, सगळ्यांना मिळून परवडले. मोदेना विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सेबास्तियानो ब्रुस्को यांनी याला 'प्रत्यक्ष सेवा' असे नाव दिले. पैशाऐवजी, कारखान्याला नेमकी जी गोष्ट बाजारात विकत मिळत नाही तीच द्यायची, असा त्यांचा आग्रह होता. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक प्रांतात छोट्या कारखान्यांसाठी सरकारी चाचणी-संशोधन केंद्रे आहेत, तीही याच जातीची. तुकडा घेऊन जा, तो का तुटला ते विचारा, उत्तर घेऊन परत या.

आपल्याकडेही या परंपरेतल्या काही चांगल्या संस्था आहेत. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम घ्या. जर्मनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेने डाय आणि मोल्ड तर करून दिलेच. पण तिथे शिकून गेलेली मुले वाळूज-चिखलठाण्याच्या कारखान्यांत पसरली, हे मला तिचे मोठे काम वाटते. चिंचवडचे ऑटो क्लस्टर केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून उभे राहिले. या सगळ्यांना आता समूह विकास कार्यक्रमाचे छत्र आहे. एकाच धंद्यातल्या वीसेक उद्योगांनी कंपनी काढायची, सामायिक सुविधा केंद्र उभारायचे, खर्चाचे साठ-सत्तर टक्के केंद्र देणार. फौंड्रीतली वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणे, धातूची रासायनिक तपासणी, रंगवलेल्या कापडाच्या पाण्यावरची प्रक्रिया ही कामे एकट्या-दुकट्याच्या बसची नाहीत. इथे अनुदानाला खरा अर्थ आहे, कारण हा पैसा सरकारने घातला नाही तर कुणीच घालणार नाही.

पण इथेही पैसा हा सोपा भाग ठरतो. ज्यांच्याशी एकाच गिऱ्हाइकासाठी दरयुद्ध चालते त्यांच्याबरोबर संचालक म्हणून बसायचे असते. माझे डिझाइन तिथल्या संगणकावर गेले तर शेजारी पाहील, ही भीती असते. अध्यक्षाच्या मालाची चाचणी आधी आणि बाकीच्यांची मग, अशी कुरबुर सुरू झाली की निम्मे सभासद फिरकत नाहीत. इमारत उभी करायला अनुदान असते. ती चालवायला लागणारा चांगला तंत्रज्ञ आणि त्याचा पहिल्या चार-पाच वर्षांचा पगार मात्र अनुदानात बसत नाही, आणि बहुतेक केंद्रे याच जागी अडतात. महाराष्ट्राला सहकाराचा एवढा मोठा इतिहास असून कारखानदारांच्या बाबतीत तो उपयोगी पडलेला नाही. उसाला एकच भाव असतो म्हणून शेतकरी एकत्र येऊ शकतात; जॉबवर्क करणाऱ्या दोघांचा भाव कधीच एक नसतो.

सूक्ष्म उद्योग आणि रोकड

वर दिलेले सगळे पुरावे कारखान्यांचे आहेत. त्या ६ कोटी ३० लाख सूक्ष्म उद्योगांसाठी हेच खरे मानणे चूक ठरेल. तिथे नुसती रोकडही काम करते. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी छोट्या दुकानदार-कारागिरांना चिठ्ठी काढून तिथले दहा किंवा वीस हजार रुपये दिले, परतफेडीची अट न घालता. त्या भांडवलावर महिन्याला सुमारे पाच टक्के परतावा निघाला, म्हणजे बँकेच्या व्याजाच्या कितीतरी पट. पण फक्त पुरुषांच्या धंद्यांत. स्त्रियांच्या धंद्यांत जवळजवळ शून्य. पुढे बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी २०१९ मध्ये दाखवले, की याचा अर्थ स्त्रियांना धंदा जमत नाही असा नव्हे. घरात दुसराही धंदा असेल तर तिला मिळालेले भांडवल बहुधा नवऱ्याच्या धंद्यात जाते. आपल्या बचत गटांकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, गटातल्या सभासदाला ४०,००० रुपये बीजभांडवल मिळते. पापडाचे यंत्र तिच्या नावावर घेतले गेले का, एवढे तपासून भागत नाही. महिन्याच्या शेवटी पैसे कुणाच्या खिशात गेले, तेही पाहावे लागते.

आता ती मघाची अट. वाचलेल्या सहाशे तासांना काम कुठून येणार, आणि काम आले तर पैसे कधी येणार? लघुउद्योजकाला विचारले तर तो अनुदानाच्या आधी पेमेंटचे नाव काढेल. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा कडक आहे, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? ज्याच्या ऑर्डरवर आपला गाळा चालतो त्याच्याच विरुद्ध! म्हणून आयकर कायद्याच्या ४३ ब कलमात २०२३ मध्ये केलेली दुरुस्ती मला अनेक अनुदानांपेक्षा मोलाची वाटते: सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. तक्रार करायची गरजच नाही. चार्टर्ड अकाउंटंटच मार्चमध्ये मालकाच्या मागे लागतो. काही खरेदीदारांनी मग नोंदणी नसलेल्यांकडून माल घ्यायला सुरुवात केली, अशी कुजबुज ऐकू येते. पळवाट निघणारच. पण कोटीभराची उलाढाल असलेल्या माणसाचे पंचवीस लाख चार महिने अडकून पडले, तर त्यावरचे व्याज वर्षानुवर्षे त्याच्या अनुदानाला खात राहते. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने मोठ्यांची बिनव्याजी उधारी चालू द्यायची, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळत नाही.

तारापूर-उंबरगावचे ते संशोधक नऊ वर्षांनी पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. सुरू केलेल्या रीतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. विचारल्यावर दोन कारणे सर्वांत जास्त सांगितली गेली: ज्या मॅनेजरने त्या लावून धरल्या होत्या तो सोडून गेला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. तरीही ज्या कारखान्यांत अंमलबजावणी झाली होती ते, न झालेल्यांच्या, अजून बरेच पुढे होते. आणि मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये, जिथे सल्लागार कधीच गेला नव्हता, तिथेही त्यातल्या बऱ्याच रीती पोचल्या होत्या. शेजारच्या दुसऱ्या मालकाच्या कारखान्यात मात्र क्वचितच. नऊ वर्षे भिंतीला भिंत लागून, तोच माल, तेच गिऱ्हाईक. आणि सुताच्या गोणीवर लॉटची चिठ्ठी लावण्याइतकी साधी गोष्टही कुंपण ओलांडून पलीकडे गेली नव्हती.